हेड बदलणारा माणूस

थंडीतली सकाळ. सातचं लेक्चर. बाबांची जुनी स्प्लेंडर किक मारून सुरू होते खरी, पण इंजिनच्या डाव्या बाजूने एक बारीक कर्रकर्र ऐकू येते. दोन मिनिटांनी इंजिन तापतं, आवाज थोडा दबतो आणि आपण विसरून जातो. महिन्याभराने कोपऱ्यावरच्या गॅरेजवाल्या दादांकडे गाडी नेली की ते कान लावून ऐकतात, आणि हात पुसत एकच शब्द सांगतात: टायमिंग चेन.

मग पुढचा प्रश्न आपला, किती पैसे लागतील? त्यानंतरचा त्यांचा, घाई आहे का? घाई असेल तर दुसरीकडे ने, असं सांगणारा मेकॅनिक मिळाला तर त्याला सोडू नका. कारण हे काम घाईचं नाही. ते का नाही हे नीट सांगायचं तर ज्या माणसाचं आडनाव जुन्या स्प्लेंडरच्या टाकीवर 'हिरो'च्या शेजारी लिहिलेलं असायचं, त्याच्याकडे जावं लागेल. सोइचिरो होंडा. लोहाराचा मुलगा, शिक्षण जेमतेम आठवीपर्यंतचं, आणि आयुष्यभराचा धंदा एकच, इंजिन खोलायचं आणि पुन्हा बंद करायचं.

जन्म 17 नोव्हेंबर 1906. जपानच्या शिझुओका प्रांतातलं कोम्यो नावाचं खेडं, आता ते हमामात्सू शहरात गेलं. वडील गिहेई लोहारकाम करायचे, पुढे त्यांनी सायकलदुरुस्तीही सुरू केली. आई मिका विणकाम करायची. घरात पैसा नव्हता, पण हत्यारं होती. शाळेत सोइचिरोचं लक्ष नसायचं. प्रगतिपुस्तकावर घरचा शिक्का मारून आणावा लागे, तर या पठ्ठ्याने सायकलच्या पेडलचं रबर कोरून स्वतःच शिक्का बनवला. काम झकास जमलं, म्हणून मित्रांनाही बनवून दिले आणि तिथेच सापडला. कारण शिक्क्यावर अक्षरं उलटी कोरावी लागतात हे त्याला ठाऊकच नव्हतं. 'होंडा' हे नाव जपानी लिपीत डावीउजवीकडून सारखंच दिसतं, त्यामुळे त्याचं स्वतःचं निभावलं. मित्रांची नावं मात्र आरशातल्यासारखी उमटली!

गावात पहिल्यांदा मोटार आली ती फोर्डची. पोरं मागे धावली, हाही धावला. गाडी थांबली तिथे जमिनीवर तेल सांडलं होतं. त्याने वाकून त्याचा वास घेतला, हाताला फासलं. हा वास पुढे आयुष्यभर पुरला. 1917 साली हमामात्सूला एका अमेरिकन वैमानिकाचे विमानाचे खेळ होते. सोइचिरोने घरातून चिल्लर पळवली, वडिलांची सायकल काढली आणि सीटवर पाय पुरत नसताना वीसेक किलोमीटर तुडवत गेला. तिकिटाला पैसे कमी पडले. मग झाडावर चढून सगळे खेळ बघितले.

पंधराव्या वर्षी तो टोकियोला आर्ट शोकाई नावाच्या मोटारदुरुस्तीच्या दुकानात उमेदवारीला लागला. स्वप्न इंजिनाचं, आणि हातात काय आलं? मालकाचं तान्हं पोर. पहिले काही महिने पोर सांभाळायचं आणि फरशी पुसायची, एवढंच काम. पाठीवरचं मूल ओलं करायचं आणि आतले मेकॅनिक हसायचे. पळून जावंसं वाटलं, पण गेला नाही. पोर पाठीला बांधूनच तो आत डोकावत राहिला, कोण काय आधी खोलतं, काय नंतर, नट कुठे ठेवतं. मला हा भाग नेहमी महत्त्वाचा वाटतो. तो ज्या क्रमाने शिकला तोच या कामाचा क्रम आहे. आधी बघा, मग हात लावा.

1 सप्टेंबर 1923 रोजी कांतो भागात महाभूकंप झाला आणि टोकियो पेटलं. दुकानातल्या गाड्या बाहेर काढा, असा मालकाचा हुकूम सुटला आणि सोइचिरोने पहिल्यांदा मोटार चालवली. पुढे जळक्या गाड्या दुरुस्त करायचं काम आलं. अनेक जुने मेकॅनिक गावी परतले होते. उरलेल्या थोड्या हातांमध्ये हा सतरा वर्षांचा पोरगा होता, आणि आगीत तडकलेली, वेडीवाकडी झालेली इंजिनं समोर होती. कुठल्याही कॉलेजात मिळणार नाही असं प्रॅक्टिकल.

मग मोरिओकाची गोष्ट. उत्तरेकडच्या त्या गावातला आगीचा बंब बंद पडला, म्हणून दुकानाने सोइचिरोला पाठवलं. वय अठरा. राजधानीतून मोठा इंजिनिअर येणार म्हणून वाट बघणाऱ्या गावकऱ्यांपुढे हे पोरगं उतरलं. खानावळीत त्याला मोलकरणीच्या खोलीशेजारची खोली दिली. दुसऱ्या दिवशी त्याने बंबाचं इंजिन पार सुटं केलं आणि लोकांची खात्री झाली की आता बंब कायमचा गेला. पण इंजिन पुन्हा जोडलं गेलं, पंप चालला, पाण्याचा फवारा उडाला. संध्याकाळी खानावळवाल्याने त्याची खोली बदलली. चांगली खोली, चांगलं जेवण, वर जपानी दारू.

मोरिओकात ज्याची परीक्षा झाली ते काम म्हणजे नेमकं काय, हे समजून घेऊ. स्प्लेंडरचंच उदाहरण घ्या, कारण तिचं इंजिन होंडाच्या त्या जुन्या कुळातलंच आहे.

इंजिनच्या खालच्या भागात क्रँकशाफ्ट फिरतो, पिस्टन वरखाली होतो. वरचा भाग म्हणजे सिलिंडर हेड. त्यात दोन वॉल्व्ह, एकातून पेट्रोल-हवेचं मिश्रण आत येतं, दुसऱ्यातून धूर बाहेर जातो. ते उघडायचं काम कॅमशाफ्टचं. खालचा क्रँक दोनदा फिरला की वरचा कॅम एकदाच फिरायला हवा. म्हणून कॅमच्या स्प्रॉकेटला क्रँकच्या दुप्पट दाते असतात, आणि दोघांना बांधून ठेवते ती टायमिंग चेन. पिस्टन मिश्रण दाबत वर येत असताना वॉल्व्ह बंद असायला हवेत. कधी उघडायचे, कधी मिटायचे, याचं सगळं घड्याळ त्या चेनमध्ये आहे.

चेन झिजली की लांबते. लांबली की वॉल्व्ह उशिरा उघडतात, आवाज येतो, गाडी चढावर दमते. आणि बदलताना चेन एक दाता इकडेतिकडे बसली तर? समजा कॅमच्या स्प्रॉकेटला 28 दाते आहेत. एक दाता चुकला तर क्रँकच्या हिशोबात जवळजवळ 26 अंशांचा फरक पडतो. गाडी एकतर सुरूच होणार नाही, किंवा सुरू होऊन मेल्यासारखी चालेल. मोटारीच्या काही इंजिनांत तर याहून वाईट. तिथे पिस्टन आणि वॉल्व्ह एकाच जागेत वेगवेगळ्या वेळी येतात. वेळ चुकली की दोघांची टक्कर, वॉल्व्ह वाकला आणि खर्च कितीतरी पट.

म्हणून चांगला मेकॅनिक काय करतो बघा. इंजिन पूर्ण गार होऊ देतो. मग मॅग्नेट हाताने फिरवून त्यावरची 'टी' ची खूण केसवरच्या खुणेसमोर आणतो. म्हणजे पिस्टन अगदी वर. पण पिस्टन दर फेऱ्यात वर येतो, आणि आपल्याला हवी ती दोन्ही वॉल्व्ह मिटलेली वेळ. म्हणून तो टॅपेट बोटाने हलवून बघतो. दोन्ही सैल लागले तर बरोबर, नाहीतर अजून एक फेरा. कॅमच्या स्प्रॉकेटवरची खूण हेडवरच्या खाचेशी जुळली की मगच चेनचा ताण सोडतो. हेडचे नट एका बाजूने धडाधड काढत नाही. समोरासमोरचे, फुलीच्या क्रमाने, थोडे थोडे सैल करतो. ॲल्युमिनियमचं हेड एका बाजूने मोकळं झालं तर वाकू शकतं.

हेड उतरलं की खरी परीक्षा सुरू होते. जुनं गॅस्केट खरवडायचं, पण पृष्ठभागावर ओरखडा न उमटवता. सरळ पट्टी हेडवर आडवीतिडवी ठेवून खालून फिलर गेजचं पातं जातंय का बघायचं. जात असेल तर हेड वाकलंय, नवं गॅस्केट टाकूनही गळती थांबणार नाही. चेन बदलायची तर एकटी चेन बदलून भागत नाही. स्प्रॉकेटचे दाते, चेनचा गाइड, टेन्शनर, सगळं तपासायचं. झिजलेल्या दात्यांवर बसवलेली नवी चेन लवकरच जुनी होते. बसवताना गॅस्केट नवंच, नट पुन्हा फुलीच्या क्रमाने, आणि अंदाजाने नाही, तर टॉर्क रेंच लावून, दोन-तीन टप्प्यांत. शेवटी, किक मारायच्या आधी, इंजिन हाताने पूर्ण दोन फेरे फिरवायचं. कुठे अडकलं तर जोर लावायचा नाही. दोन फेऱ्यांनंतर खुणा पुन्हा जुळल्या तरच किक.

यातलं काहीही अवघड नाही. पण यातलं काहीही गाळलं तर ते लगेच दिसत नाही. गाडी सुरू होते, गिऱ्हाईक पैसे देऊन जातं. महिन्याने हेडच्या कडेने तेल झिरपायला लागतं.

परत सोइचिरोकडे येऊ. 1928 साली मालकाने त्यांना हमामात्सूला आर्ट शोकाईची शाखा काढून दिली. वय एकवीस. धंदा जोरात चालला. लाकडी आऱ्यांऐवजी ओतीव लोखंडाचे आरे असलेलं चाक त्यांनी बनवलं, पेटंट घेतलं. शर्यतीच्या गाड्याही बांधल्या. 1936 मध्ये तामागावाच्या ट्रॅकवर त्यांची गाडी उलटली. ते स्वतः जखमी झाले आणि शेजारी बसलेला धाकटा भाऊ त्याहून गंभीर.

दुरुस्तीचा कंटाळा आला होता, काहीतरी बनवायचं होतं. त्यांनी पिस्टन रिंग निवडल्या. पिस्टनभोवतीची ती लहानशी कडी. दिसायला सोपी, म्हणून वाटलं जमेल. जमेना! रिंगा ठिसूळ व्हायच्या, घासायच्या, तुटायच्या. रात्ररात्र भट्टीपाशी काढल्या, साठवलेला पैसा संपत आला, बायकोचे दागिने गहाण पडायची वेळ आली. शेवटी ते हमामात्सूच्या तांत्रिक महाविद्यालयातल्या प्राध्यापकांकडे रिंग घेऊन गेले. तिथे कळलं की धातूत सिलिकॉन पुरेसं नाही. ज्या माणसाला इंजिन आवाजावरून कळायचं, त्याला ओतकामाचं रसायनशास्त्र कळत नव्हतं.

मग तिशीतला हा कारखानदार पोरांबरोबर वर्गात बसायला लागला. हवं ते ऐकायचं, नको ते सोडायचं, परीक्षा द्यायची नाही. कॉलेजने अखेर नाव काढलं, तरी हे वर्गात येऊन बसायचे. परीक्षा बुडवणाऱ्यांनी यातून सोयीचा अर्थ काढू नये. हे गृहस्थ वर्ग बुडवत नव्हते, फक्त पदवी बुडवत होते. टोयोटाला त्यांनी निवडून पाठवलेल्या 50 रिंगांपैकी पास झाल्या 3. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागेल. टोयोटाला पसंत पडेल अशी रिंग मोठ्या प्रमाणावर बनवायला पुढची जवळपास दोन वर्षं गेली.

युद्धात कारखान्यावर बॉम्ब पडले. जानेवारी 1945 च्या भूकंपात उरलेलाही कोसळला. युद्ध संपल्यावर त्यांनी कंपनीचा हिस्सा टोयोटाला विकला आणि वर्षभर काही केलं नाही. अल्कोहोलचं पिंप आणलं, मित्र जमवले, बासरी वाजवली. बायको साची यांना त्या वर्षाबद्दल काय वाटत होतं हे कुणी फारसं विचारलेलं दिसत नाही. घर चालवत होत्या त्या.

1946 मध्ये लष्कराच्या वायरलेस संचांना वीज पुरवणारी छोटी इंजिनं त्यांच्या हाती लागली. ती त्यांनी सायकलला बसवली. पेट्रोलची टाकी म्हणून गरम पाणी भरून शेकायचं भांडं. चाचणीला साची यांनाच सायकलवर बसवलं. जपानमध्ये तेव्हा गाड्या नव्हत्या, बसना लोंबकळावं लागे, त्यामुळे ही फटफटी हातोहात खपली. 24 सप्टेंबर 1948 रोजी होंडा मोटर कंपनी उभी राहिली. पुढच्या वर्षी ताकेओ फुजिसावा भेटले. त्यांना इंजिनातलं कळत नव्हतं, सोइचिरोना हिशोबातलं. दोघांनी कामं वाटून घेतली आणि पंचवीस वर्षं एकमेकांच्या कामात सहसा नाक खुपसलं नाही. एक अपवाद सोडून. तो येतोय.

1954 मध्ये कंपनी अडचणीत होती. नव्या गाड्यांमधून तक्रारी येत होत्या, वसुली थांबली होती. अशा वेळी सोइचिरोंनी जाहीर केलं की होंडा इंग्लंडजवळच्या आइल ऑफ मॅन बेटावरच्या टीटी शर्यतीत उतरणार. त्याच वर्षी ते शर्यत बघायला गेले आणि हादरले. तितक्याच आकाराची युरोपियन इंजिनं त्यांच्या इंजिनांच्या जवळपास तिप्पट ताकद काढत होती. येताना त्यांनी टायर, रिम, कार्बुरेटर, चेन असं सामान गोळा केलं. रोमच्या विमानतळावर वजन जास्त भरलं, तेव्हा बॅगा उपसून जमेल तितकं अंगावर चढवून आणि हातात घेऊन विमानात बसले.

ताकद हवी तर इंजिन जास्त वेगाने फिरायला हवं. ते फिरवायचं तर वॉल्व्ह उघडणारा कॅम खाली ठेवून लांब दांडीने धक्के मारणं परवडत नाही, कॅम थेट हेडमध्ये न्यावा लागतो. 1950 च्या दशकात होंडाच्या रस्त्यावरच्या गाड्यांमध्ये हेच झालं. आपल्या स्प्लेंडरमधल्या कर्रकर्र करणाऱ्या चेनचा उगम तिथे आहे. 1958 ची पहिली सुपर कब अजून दांडीवाली होती, साठच्या दशकात तीही चेनवर आली. टीटीमध्ये 1959 ला होंडाचा संघ पहिल्यांदा उतरला, नाओमी तानिगुची सहावा आला. 1961 मध्ये माइक हेलवुडने होंडावर 125 आणि 250 सीसी दोन्ही शर्यती जिंकल्या, आणि दोन्हींत पहिले पाचही नंबर होंडाचे.

इथपर्यंतची गोष्ट सिनेमासारखी आहे. पण हा माणूस कारखान्यात हाताळायला सोपा नव्हता. जमिनीवर उकिडवं बसून खडूने फरशीवर आकृत्या काढायचे, हे छान. पण चूक दिसली की ओरडायचे, पाना फेकायचे, हातही उचलायचे. जुने सहकारी हे प्रेमाने सांगतात. मला ते प्रेमाने वाचता येत नाही. गॅरेजमधल्या पोराच्या टाळक्यात पाना घातल्याने टॉर्क बरोबर बसत नाही.

आणि याच हट्टाने साठच्या दशकाच्या शेवटी घात केला. कंपनी आता मोटारी बनवत होती. इंजिन पाण्याने गार करायचं की हवेने? सोइचिरोंचं म्हणणं, पाण्याने गार केलं तरी ते पाणी शेवटी हवेनेच गार होतं, मग मधली भानगड कशाला? ऐकायला बिनतोड. पण मोटारीच्या इंजिनच्या हेडमध्ये काही जागा भयंकर तापतात, काही तितक्या नाहीत. हवा तिथे सारखी पोचत नाही, पाणी पोचतं. तरुण इंजिनिअर हे आकडे दाखवून सांगत होते. साहेब ऐकत नव्हते. हवेने गार होणारी होंडा 1300 ही गाडी 1969 मध्ये बाजारात आली. ताकदवान होती, पण जड आणि महाग पडली, फारशी चालली नाही.

त्याच्या आदल्या वर्षी याहून वाईट घडलं होतं. फॉर्म्युला वनसाठी त्यांनी हवेने गार होणारी गाडी बनवायला लावली. संघाचा मुख्य चालक जॉन सर्टीझने चाचणी करून ती शर्यतीला तयार नसल्याचं सांगितलं. तरी जुलै 1968 मध्ये फ्रान्सच्या रुआं इथे ती उतरवली गेली. चालक होता जो श्लेसर. शर्यतीच्या सुरुवातीच्या फेऱ्यांतच ओल्या रस्त्यावर गाडी बांधावर आदळून पेटली आणि श्लेसर गेला. त्या वर्षानंतर होंडाने फॉर्म्युला वन सोडलं, ते ऐंशीच्या दशकापर्यंत.

कंपनीतल्या भांडणाचा तिढा कोण सोडवणार? तादाशी कुमे हा तरुण इंजिनिअर वैतागून काही काळ कामावर यायचाच थांबला. इंजिनिअर फुजिसावांकडे गेले. फुजिसावांनी सोइचिरोना एकच प्रश्न विचारला: तुम्हाला कंपनीचा अध्यक्ष राहायचंय की इंजिनिअर? सोइचिरो गप्प झाले. मग म्हणाले, अध्यक्ष. म्हणजे पोरांना पाणी वापरू द्या. ज्याने आयुष्यभर हाताने इंजिनं खोलली त्याला हे किती जड गेलं असेल, याची कल्पना करा.

या पाण्यातूनच त्यांचं सगळ्यात मोठं हेड निघालं. अमेरिकेत 1970 मध्ये हवाप्रदूषणाचा नवा कायदा आला. मोटारीच्या धुरातले विषारी घटक पाच-सहा वर्षांत एक दशांशावर आणा, असं त्याचं सांगणं. अमेरिकेतल्या बड्या कंपन्या हे अशक्य असल्याचं सांगत होत्या. होंडाच्या तरुणांनी हेडमध्ये मुख्य दहनकक्षाशेजारी एक छोटा कप्पा काढला आणि त्याला स्वतःचा तिसरा, चिमुकला वॉल्व्ह दिला. छोट्या कप्प्यात पेट्रोल जास्त असलेलं मिश्रण, मोठ्यात अगदी पातळ. ठिणगी छोट्यात पडते, तिथली ज्योत मोठ्यात शिरते आणि एरवी पेटलं नसतं असं पातळ मिश्रण सावकाश, पुरतं जळतं. धुरात विष कमी. याचं नाव सीव्हीसीसी. डिसेंबर 1972 मध्ये अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेच्या चाचणीत होंडाची गाडी 1975 च्या मर्यादेत बसली. सगळ्यात आधी!

यातली गंमत अशी की इंजिनाचा खालचा भाग तसाच ठेवता येत होता. बदलायचं ते मुख्यतः हेड. तरी अमेरिकेत सूर असा होता की चिमुकल्या गाडीला ठीक आहे, मोठ्या इंजिनाला हे जमायचं नाही. मग होंडाने अमेरिकेतली एक भलीमोठी शेव्हरोले इम्पाला घेतली. 5.7 लिटरचं, आठ सिलिंडरचं इंजिन. ती विमानाने जपानला नेली. हेड उतरवली, आपल्या पद्धतीची नवी हेड ओतून बसवली, कार्बुरेटर आणि मॅनिफोल्ड बदलले, आणि गाडी मिशिगनमधल्या ॲन आर्बरच्या सरकारी प्रयोगशाळेत चाचणीला दिली. 1973 मध्ये तीही पास झाली. दुसऱ्याच्या इंजिनावर आपलं हेड बसवून दाखवणं, गॅरेजवाल्याचं याहून सरळ उत्तर काय असणार?

हे तंत्र वापरण्याचा परवाना घ्यायला सगळ्यात आधी कोण आलं असेल? टोयोटा. तीच, पन्नासातल्या सत्तेचाळीस रिंगा परत पाठवणारी.

सोइचिरो खूश होते. अमेरिकेतल्या तीन बड्या कंपन्यांना मागे टाकायची ही संधी, असं ते बोलत राहिले. पण हेड बनवणाऱ्या पोरांना ते आवडलं नाही. आम्ही हे कुणाला हरवायला नाही, लोकांना नीट श्वास घेता यावा म्हणून केलं, असं त्यांचं म्हणणं होतं. सोइचिरोंनी ते ऐकून घेतलं, आणि आपली निघायची वेळ झाली हे ओळखलं. ऑक्टोबर 1973 मध्ये ते आणि फुजिसावा एकाच वेळी निवृत्त झाले. नवा अध्यक्ष कियोशी कावाशिमा, वय 45. त्याच्यानंतर 1983 मध्ये अध्यक्ष झाला तो रुसून घरी बसलेला कुमे. दोघा संस्थापकांची मुलं कंपनीत नव्हतीच.

निवृत्तीनंतर सोइचिरो जपानभर फिरले. होंडाची दुकानं, कारखाने, छोटी सर्व्हिस सेंटरं, सुमारे सातशे ठिकाणं. प्रत्येक माणसाशी हात मिळवायचा आणि आभार मानायचे. एका ठिकाणी मेकॅनिक पोराने हात पुढे केला आणि तेल लागलंय हे लक्षात येताच मागे घेतला, धुवायला निघाला. सोइचिरोंनी तो तसाच धरला, मग आपल्या तळव्याला लागलेल्या तेलाचा वास घेतला. त्यांचा स्वतःचा डावा हात जखमांच्या खुणांनी भरलेला होता. उजवा हात हातोडी मारतो आणि डावा सगळं सोसतो, म्हणून डाव्यावर त्यांचा विशेष जीव. त्या हाताचं चित्र काढून त्यांनी प्रत्येक खुणेचा हिशोब लिहून ठेवला होता.

भारतात त्यांचं नाव घरोघरी पोचलं ते त्यांच्या निवृत्तीनंतर. ऐंशीच्या दशकात पुण्याच्या फिरोदियांबरोबर किनेटिक होंडा आली. आपल्याकडच्या कितीतरी आया-मावश्या पहिल्यांदा बटन दाबून गाडी सुरू करायला शिकल्या त्या याच स्कूटरवर. तिच्यात टायमिंग चेन नव्हती, टू-स्ट्रोक इंजिनाला वॉल्व्ह उघडणारा कॅमच लागत नाही. 1984 मध्ये हिरो होंडा कंपनी झाली, 1985 मध्ये सीडी 100 रस्त्यावर आली, तिच्यात ती चेन होती. स्प्लेंडर आली 1994 मध्ये. ती बघायला सोइचिरो नव्हते.

5 ऑगस्ट 1991 रोजी ते गेले. वय 84. कंपनीतर्फे मोठी अंत्ययात्रा काढायची नाही, हे त्यांनी आधीच सांगून ठेवलं होतं. कारण असं दिलं की मोटारी बनवणाऱ्या माणसामुळे रस्त्यावर वाहतूक तुंबायला नको.